पुढच्या चाकांतली मोटार आणि सायकलचा चिमटा

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो ऐकतांच कांहींच्या मनांत येईल कीं, हा विषय सायकल-दुरुस्तीच्या दुकानांतला. घरीं बसून ऐकणाराला त्याचें काय? परंतु हल्लीं विजेच्या सायकली घरोघरीं दिसूं लागल्या आहेत, आणि आपल्या जुन्या सायकलीच्या पुढच्या चाकांत मोटार बसवून तिचीच विजेची सायकल करून घेणारे गृहस्थहि थोडे नाहींत. मी स्वतः त्यांतलाच एक. माझा जन्म शाळामास्तरकींत गेला. शिक्षण म्हणावें तर जुन्या अकरावीपर्यंतचें, म्हणजे मॅट्रिकचें. तेव्हां यंत्रशास्त्राचा अधिकार मजकडे नाहीं. पण तरफेचा नियम मीं वर्गांत मुलांना शेंकडों वेळां शिकविला, आणि तोच नियम माझ्या स्वतःच्या सायकलींत मला दिसला नाहीं. त्याची शिक्षा थोडक्यांत चुकली. ती चूक दुसऱ्या कोणाच्या हातून होऊं नये, एवढाच या भाषणाचा हेतु.

गेल्या महिन्यांत शेजारच्या एका बाईंनीं मला विचारलें, "गुरुजी, मोटारीनें चढ सोपा झाला खरा, पण रस्त्याचे धक्के सगळे मनगटांत बसतात. शॉकअपचा चिमटा बसवीन म्हणतें. कोणता घेऊं?" प्रश्न वाजवी होता. पुढचें चाक ज्या दोन पायांमध्यें धरलेलें असतें त्या भागाला आपले मिस्त्री चिमटा म्हणतात; इंग्रजींत तोच फोर्क. दुकानांत गेलें कीं विक्रेता चिमट्यावर भार टाकून दाखवितो, स्प्रिंग मऊ दबते, आणि घेणाराचा जीव भाळतो. मीं बाईंना सांगितलें कीं, स्प्रिंग सर्वांत शेवटीं पाहा. आधीं चिमटा उलटा करा, आणि ज्या दोन टोकांत चाकाचा आंस बसतो तीं टोकें पाहा. असें कां, तें आतां सांगतों.

आपण ज्या खोलींत बसला आहांत तिच्या छताकडे क्षणभर पाहा. तेथें पंखा असेल. पंख्याची मधली दांडी स्थिर असते आणि तिच्याभोंवतीं पंख्याचा गोल डबा पात्यांसकट फिरतो. चाकाच्या तुंब्यांत बसविलेली मोटार अगदीं हेंच करते. दांडीच्या जागीं आंस, डब्याच्या जागीं तुंबा, पात्यांच्या जागीं आरे. आंस स्थिर, चाक फिरतें. आतां न्यूटनचा तिसरा नियम आठवा. मोटार चाकाला ज्या जोरानें पुढें फिरविते, त्याच जोरानें चाक आंसाला उलट फिरवूं पाहतें. पंखा बसविणारा कारागीर दांडींतून आरपार बोल्ट घालतो आणि त्या बोल्टाला वर आणखी एक पिन मारतो, तें उगीच नव्हे. दांडी तेथें फिरूं लागली तर तिच्यांतून आलेल्या तारा पिळून तुटतील, आणि दांडी सुटली तर पंखा खालीं येईल.

साध्या सायकलींत पुढच्या आंसाला हें काम कधींच नव्हतें. तेथें चाक छऱ्यांवर मोकळें फिरतें. आंसानें फक्त आपलें व सायकलीचें वजन पेलायचें. म्हणून चिमट्याच्या टोकांना नुसती खालीं उघडी खांच ठेवलेली असते, कीं पंक्चर काढतांना चाक चटकन् उतरावें. तुंब्यांतल्या मोटारीची कल्पना कांहीं नवी नाहीं. अमेरिकेंत ऑग्डेन बोल्टन याला ३१ डिसेंबर १८९५ रोजीं अशा सायकलीचें पेटंट मिळालें. पण त्यानें मोटार घातली ती मागच्या चाकांत. फ्रान्समध्यें १९४६ पासून विकल्या गेलेल्या सोलेक्स गाडीवर इंजिन पुढच्या चाकावर होतें, पण तें एका रुळानें टायरला घासून चाक फिरवी, त्यामुळें आंसावर पीळ येत नसे. आपण मात्र जेव्हां मोटार पुढच्या तुंब्यांतच घालतों, तेव्हां ज्या खांचा केवळ वजन पेलण्यासाठीं केलेल्या होत्या, त्यांच्यावर पीळ आवरण्याचें अगदीं वेगळें काम लादतों.

हा पीळ किती असतो? येथें तरफेचा नियम कामास येतो. दार बिजागरीपासून दूर ढकललें तर बोटानें उघडतें. बिजागरीजवळ ढकललें तर सारें अंग लावावें लागतें. लहान दातेरी मोटारी साधारणपणें ३० ते ४० न्यूटन-मीटर पीळ देतात. आपण ४० धरूं. सव्वीस इंची चाकाची त्रिज्या सुमारें ३३ सेंटिमीटर. तेव्हां टायर रस्त्याला जो रेटा देतो तो सुमारें १२० न्यूटन, म्हणजे १२ किलो वजनाएवढा भरतो. एवढ्याशा रेट्यानें सायकल पुढें जाते. पण तोच पीळ दुसऱ्या टोकाला, खांचेंत, आवरावयाचा असतो. आणि तेथें आंसाच्या दोन बाजू चपट्या केलेल्या असून त्यांमधील अंतर अवघें १० मिलिमीटर असतें. तेथें तरफेची भुजा ३३ सेंटिमीटर नसून फार तर एक सेंटिमीटर आहे. चाळीस न्यूटन-मीटरला एका सेंटिमीटरनें भागा: ४,००० न्यूटन. दोन खांचांत वांटले तरी प्रत्येक खांचेच्या कडांवर सुमारें २०० किलोचा भार, तोहि कमींत कमी. नट घट्ट असतील तोंवर घर्षण या भाराचा मोठा वांटा उचलतें. नट ढिले झाले कीं सगळा भार खांचेच्या कडांवर येतो. तेथें चपटा आंस पान्यासारखा वागूं लागतो, आणि प्रत्येक वेळीं मोटार सुरू होतांच खांच थोडी थोडी फांकविण्याचा यत्न करतो.

साधा पोलादी चिमटा हें पुष्कळ सोसतो. पोलाद चिवट असतें. तें आधीं वांकतें, खांच रुंदावते, आणि डोळ्यांना सूचना मिळते. शॉकअपच्या चिमट्याची गोष्ट वेगळी. अमेरिकेंत १९८९ च्या सुमारास रॉकशॉक्स नांवाचे चिमटे डोंगरी सायकलींसाठीं निघाले, तेव्हांपासून अशा चिमट्यांचा प्रसार झाला. त्यांत वरच्या दोन नळ्या स्थिर असून खालचे दोन पाय त्यांवर वरखालीं सरकतात. हे खालचे पाय हलके असावेत म्हणून चांगल्या चिमट्यांत ते मॅग्नेशियमच्या किंवा अल्युमिनियमच्या मिश्रधातूंत ओतलेले असतात, आणि आंसाच्या खांचा त्याच ओतकामाचा भाग असतात. डोंगर उतरण्याकरितां ते उत्तम, कारण तेथें आंसावर पीळ नसतो. परंतु ओतीव मिश्रधातूचा स्वभाव असा कीं, तो वांकून सूचना देत नाहीं. आंतल्या आंत चीर वाढत जाते आणि एके दिवशीं टोकच तुटून पडतें. खांच खालीं उघडी. तुकडा गेला कीं चाक सुटलें. पुढचें चाक सुटलें तर बसणारा कोठें पडतो, तें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आतां माझी हकीकत ऐका. मला या कशाचीच जाण नव्हती. एका दुकानांतून मीं दिसायला देखणा, वजनाला हलका असा शॉकअपचा चिमटा घेतला. आंस खांचेंत शिरेना, कारण साध्या चाकासाठीं त्या खांचा ९ मिलिमीटरच्या होत्या आणि मोटारीचा आंस १० मिलिमीटरचा. बसविणारानें कानस घेतली आणि दोन मिनिटांत खांच मोठी केली. त्याच्या हातचलाखीचें मला कौतुक वाटलें. दुसऱ्या पावसाळ्यानंतर सिग्नलवर गाडी सुटतांना पुढून "टक्" असा आवाज येऊं लागला. मला वाटलें, आरा ढिला झाला असेल. एका शनिवारीं सायकल धूत असतां उजव्या खांचेच्या कोंपऱ्यापासून वर गेलेली केसाएवढी रेघ दिसली. फडक्यानें पुसली, चिखल निघाला, रेघ निघाली नाहीं. दुसऱ्या दिवशीं नातवाला मागें बसवून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जाण्याचें ठरलें होतें. तो बेत मीं कां मोडला हें त्याला त्या वेळीं सांगितलें नाहीं. रात्रीं मला मात्र झोंप लागली नाहीं. दोष दुकानदाराचा जितका, तितकाच माझाहि. ज्या नियमासाठीं मीं मुलांना छड्या मारल्या, तो माझ्या हाताखालीं रोज "टक्" म्हणून ओरडत होता.

असो. आतां चिमटा निवडतांना काय पाहावें, तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट धातूची. खिशांत एक लहान लोहचुंबक घेऊन दुकानांत जा आणि तो खांचेच्या टोकालाच लावून पाहा. वरच्या नळीला लावून फसूं नका. पुष्कळ चिमट्यांत वरच्या नळ्या पोलादी आणि खालचे पाय मिश्रधातूचे असतात. टोकाला चुंबक चिकटला तर तें पोलाद. न चिकटला तर मोटारीसाठीं तो चिमटा शक्यतों नको. येथें एक गंमत आहे. ज्यांचे खालचे पाय पोलादी असतात ते चिमटे बहुधा स्वस्त, जड व ओबडधोबड असतात, आणि विक्रेता ते दाखवितांना संकोचतो. आपल्या कामाला मात्र तेच योग्य. येथें किंमत हें गुणाचें माप नव्हे.

दुसरी गोष्ट खांचेची. मोटारीचा आंस खांचेंत कानस न लावतां, पण सैलहि न राहतां, शेवटपर्यंत बसला पाहिजे. कित्येक चिमट्यांच्या टोकांना बाहेरून एक उंच कड असते. नट थोडा ढिला झाला तरी चाक एकदम पडूं नये म्हणून ती ठेवलेली असते. मोटारीच्या आंसाचें रुंद वायसर या कडेवर टेकतें आणि टोकाला नीट भिडत नाहीं; नट आवळला कीं सारा दाब त्या कडेवर येऊन टोक तडकूं शकतें. यावर उपाय कड कापणें हा नव्हे. कडेच्या आंतल्या खळग्यांत बरोबर बसेल असें वायसर घालावें, म्हणजे दाब सपाट जागेवर येतो. विशेषतः डिस्क ब्रेक असेल तर कड कापूंच नये. कारण तो ब्रेक दाबला असतां आंसाला खांचेबाहेर, खालीं ढकलण्याचा जोर उत्पन्न होतो.

तिसरी गोष्ट आरपार आंसाची. नव्या भारी चिमट्यांना खांच नसून गोल भोंक असतें आणि त्यांतून जाड आंस आरपार घालतात. हें फार मजबूत दिसतें. पण नेहमींच्या तुंबा-मोटारीचा चपटा आंस त्यांत बसत नाहीं, आणि गोल भोंकांत पिळाला अडविणारी सपाट बाजूच नसते. जी मोटार अशा आंसासाठींच बनविलेली नाहीं, ती त्यांत जुगाड करून बसवूं नये.

चौथी गोष्ट मापांची. दोन टोकांमधील अंतर आंसाच्या मापाबरोबर, म्हणजे सामान्यतः १०० मिलिमीटर, असावें. साधा पोलादी चिमटा एखादा मिलिमीटर फांकवितां येतो. शॉकअपचे पाय फांकविले तर ते नळ्यांवर अडकून चालतात आणि लौकर झिजतात. वरची नळी आपल्या सायकलीच्या मानेंत बसते कीं नाहीं तेंहि मोजून घ्या. पुष्कळ सायकलींत ती २८.६ मिलिमीटरची, जुन्या सायकलींत २५.४ मिलिमीटरची असते. मोटारीचा डबा फुगीर असल्यामुळें डिस्क ब्रेकचा पकडीचा भाग त्याला घासतो कां, हें चाक बसवून, हातानें फिरवून पाहावें.

पांचवी गोष्ट उंचीची. साध्या चिमट्यापेक्षां शॉकअपचा चिमटा उंच असतो. दोन चाकांमधील अंतर साधारण एक मीटर असतें. त्या हिशेबानें पुढची बाजू २ सेंटिमीटर उचलली तर सबंध सायकल सुमारें एका अंशानें मागें कलते. हँडल जड व आळशी होतें, आणि चढावर पुढचें चाक हलकें पडून घसरूं लागतें. आणि आपली मोटार तर त्याच चाकांत आहे! म्हणून शहरांतल्या वापराला ५० ते ८० मिलिमीटर दबणारा चिमटा पुरे. जास्त दबतो तो जास्त चांगला, हा समज डोंगरावर ठेवून यावा.

सहावी गोष्ट स्प्रिंगची. ती मी मुद्दाम शेवटीं ठेवली. मोटारीमुळें पुढच्या चाकाचें वजन दोन-चार किलोंनीं वाढतें. हलकें चाक खड्ड्यावरून चटकन् उचललें जातें व खालीं येतें. जड चाकाला आवरायला स्प्रिंगबरोबर तिची उसळी शमविणारी योजनाहि लागते. नुसत्या स्प्रिंगेचा चिमटा जड चाकाखालीं चेंडूसारखा उडत राहतो. म्हणून स्प्रिंग दाबून सोडल्यावर ती किती वेगानें परत येते तें पाहा. एकदम उसळून "ठण्" वाजणारीपेक्षां सावकाश वर येणारी बरी. पोलादी टोकें आणि सावकाश येणारी स्प्रिंग हीं दोन्हीं एकत्र मिळालीं तर उत्तम. दोहोंपैकीं एकच मिळत असेल तर पोलादी टोकें निवडावीं. मनगट दुखलें तर तेल चोळतां येतें.

चिमटा कोणताहि असो, एका वस्तूवांचून मोटार चालवूं नये. तिला टॉर्क आर्म म्हणतात. ही पोलादाची जाड पट्टी असते. तिच्या एका टोकाला आंसाच्या चपट्या बाजूंवर घट्ट बसणारें भोंक असतें, आणि दुसरें टोक कड्यानें चिमट्याच्या पायाला आवळतात. पट्टी १० सेंटिमीटर लांब असेल तर तोच ४० न्यूटन-मीटरचा पीळ तिच्या टोकाशीं ४०० न्यूटनांवर, म्हणजे ४० किलोंवर येतो. खांचेवरच्या भाराचा बराच मोठा वांटा अशा रीतीनें पायावर, त्याच्या जाड भागावर, जातो. शक्य असेल तर दोन्ही बाजूंना एकेक बसवावी. शॉकअपच्या चिमट्यांत एक काळजी अवश्य घ्या. पट्टीचें दुसरें टोक खालच्या सरकत्या पायालाच बांधा, वरच्या स्थिर नळीला कधींच नको. नाहीं तर पहिल्याच खड्ड्यांत पट्टी, कडें आणि चिमटा यांपैकीं जें दुबळें तें मोडेल. तसेंच, टॉर्क आर्म लावला म्हणजे मिश्रधातूचें टोक पोलादाचें झालें, असें मात्र समजूं नये.

मग निगा. नट मोटारीबरोबरच्या कागदांत दिलेल्या मापानें आवळावे, आणि पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर ते पुन्हां तपासावे. पुढें महिन्यांतून एकदां. आंसांतून निघणारी तार आधीं खालीं लोंबवून मग वर न्यावी, म्हणजे पावसाचें पाणी तारेवरून मोटारींत न शिरतां खालच्या वळणावरून गळून पडतें. आणि सायकल धुतांना दोन्ही खांचांचे कोंपरे पुसून, नीट उजेडांत पाहावे. गाडी सुटतांना "टक्" आवाज आला तर त्या दिवशीं सायकल घरीं ठेवावी.

मोटारीच्या शक्तीचाहि विचार करावा. आपल्याकडील मोटार वाहन नियमांप्रमाणें २५० वॅटांपेक्षां कमी शक्तीच्या, ताशीं २५ किलोमीटरपेक्षां कमी वेगाच्या व ठराविक वजनाच्या आंतील विजेच्या सायकलीला नोंदणी लागत नाहीं. ही मर्यादा कायद्यासाठीं जितकी, तितकीच चिमट्यासाठींहि पाळण्याजोगी आहे. ज्याला दुप्पट-तिप्पट शक्तीची मोटार हवी असेल, त्यानें ती पुढें न बसवितां मागें बसवावी. मागच्या खांचा सांगाड्यालाच जोडलेल्या आणि अधिक भक्कम असतात, आणि तेथें कांहीं बिघडलें तरी माणूस तोंडावर पडत नाहीं.

श्रोत्यांपैकीं कोणी म्हणेल, "एवढ्या अटी, मग शॉकअपच हवा कशाला?" हा प्रश्न मला फार आवडतो. १८८८ सालीं डनलॉप यानें बेलफास्टमध्यें आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचा टायर बसविला, तो धक्के कमी व्हावेत म्हणूनच. हवेचा टायर हाच सायकलीचा पहिला शॉकअप होय. साधा पोलादी चिमटा ठेवून त्यांत मावेल तेवढा रुंद टायर घातला, हवा टायरवर छापलेल्या मर्यादेंतच पण थोडी कमी ठेवली, आणि हँडलला मऊ मुठी बसविल्या, तर शहरांतले बरेचसे धक्के थांबतात. त्यांत सरकणारें कांहीं नाहीं, झिजणारें थोडें, आणि खांचा पोलादी. शेजारच्या बाईंनीं शेवटीं हाच मार्ग पत्करला. मीहि आतां तसाच चिमटा वापरतों. मनगटें अधूनमधून कुरकुरतात, पण नातू निश्चिंतपणें मागें बसतो.

श्रोतेहो, नवें यंत्र जुन्या वस्तूला जोडतांना आपण नव्याचें बळ पाहतों. जुन्या वस्तूवर कोणतें नवें काम पडलें, तें पाहत नाहीं. आज रात्रीं झोंपतांना छतावरच्या पंख्याकडे एकदां नजर जाईलच. त्याच्या दांडीला जो बोल्ट आहे, तसा आपल्या सायकलीच्या आंसाला कोण धरून आहे, एवढें उद्यां सकाळीं खालीं वांकून पाहा.